पान दोनशे सात, उजवा रकाना

नांदेड
६ जानेवारी २०२५

ती. शिवकन्या अक्कास,
शरणु शरणार्थ.

या दोन हातांनी केलेल्या वस्तू क्रमानं लिहितो. वेळ अमावस्येला, तुमच्या येळवशीला, लातूरला आलो नाही, म्हणून तू तुझ्या भावजयीला, मंजुश्रीला, फोनवर विचारलंस म्हणे, "हा तिकडं करतो तरी काय?" त्याचं उत्तर एकदाचं लेखी असू दे.

पुस्तकं शिवायची चौकट, एक. मोडक्या बाजेच्या सागवानी पायांची. पुस्तकं दाबायचा शिकंजा, एक; जीपच्या जॅकचा स्क्रू आणि वर बाभळीची फळी. कागद कापायचं पातं, एक. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घासून काढलं, एकवीस दिवस लागले. दाभणं पाच, मुठी चिंचेच्या. खळ शिजवायचं पातेलं मात्र मंजुश्रीचं आहे, मी फक्त ते परत केलेलं नाही.

आणि उलटकोश. चार खंड, चार हजार तीनशे अठरा इंग्रजी क्रियापदं, एकोणीस वर्षं. लिहिला मी, आखला मी, शिवला मी. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या माणसानं. लोक फाटकी पुस्तकं बांधायला टाकून जातात, खळ वाळायला चार तास लागतात, त्या चार-चार तासांत मी इंग्रजी शिकलो. गुरू कोण, असं कुणी विचारलं तर मी खळीचं नाव सांगतो.

कोशाची रीत अशी: डाव्या रकान्यात इंग्रजी क्रियापद, मधल्यात मराठी अर्थ, उजव्यात त्याच्या बरोबर उलटं. एकही रकाना रिकामा नाही. म्हणजे, एक आहे. खंड तिसरा, पान दोनशे सात. शब्द 'पेडल'; सायकलचं नव्हे, डबल डी-वालं. अर्थ: माल डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन दारोदार फिरून विकणं. उलटं काय? आधी 'विकत घेणं' लिहिलं आणि खोडलं. ते नुसत्या विकण्याचं उलटं झालं. मग फिरण्याचं काय? ओरडण्याचं काय? अर्धवट शिवलेलं पुस्तक मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, अर्धवट उलटवलेला शब्द कसा देऊ?

तू बावीस वर्षं लातुरात डोक्यावर टोपली घेऊन चटण्या विकतेस. हा शब्द तुझा आहे. विचार करून लिही.

दुसरं. मागच्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. म्हणून चारही खंडांची दुसरी प्रत (हातानंच काढली, अडीच वर्षं) व्यंकटी कंडक्टरबरोबर तुझ्याकडं पाठवतोय. ट्रंकेत ठेव. पिण्याचं पाणी ज्या गावाला रेल्वेनं आणावं लागलं, तिथं पुराची भीती नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं. पत्राला डाव्या हाताला दीड इंच समास सोडत जा. तुझं पत्र आलं की मी ते त्याच दिवशी आधीच्या पत्रांवर ठेवून शिवतो. मोबाईलवर लिहू नकोस, मोबाईल शिवता येत नाही. समास हा शिलाईचा. तिथं लिहिलेलं मी वाचत नाही. माझे हात खळीत असतात, पत्र मंजुश्री वाचून दाखवते. तिलाही बजावून ठेवलंय, समासातलं सोडून द्यायचं.

तुझा,
उमाशंकर


लातूर
संक्रांत, १४ जानेवारी

चि. उमाशंकर,

तुझी यादी वाचली. त्यात मंजुश्रीचं पातेलं निघालं हे बरं झालं. तिचं बाकीचं काय काय अडकून पडलंय तेबी लिही एकदा.

चार खंड पोचले. व्यंकटी म्हणला, "मावशी, ह्यात दगडं हाईत का?" मी म्हणलं, "न्हाई रे, माझा भाऊ हाय."

तुझ्या शब्दाचं सांगते. आमच्या गल्लीत यासेर म्हणून भंगारवाला येतो. "लोखंड, रद्दी, डब्बे द्या माय" म्हणत फिरतो. मी देत फिरते, तो घेत फिरतो. झालं की न्हाई उलटं? एवढ्यासाठी येळवस बुडवलीस. आंबील केली व्हती, भज्जी केली व्हती, बाजरीचे उंडे केले व्हते. तुझ्या वाट्याची आंबील तीन दिवस ठेवली, मग मीच पिले आणि तुझ्या नावानं ढेकर दिला.

आन् ती भांडीवाली बाई येते, जुने कपडे घेते, स्टीलचा डबा देते. ती घेतेबी आन् देतेबी. तिला डाव्या रकान्यात घालतोस का उजव्या? का मधी उभी करतोस?

धंदा बरा हाय. आजकाल हॉस्टेलाच्या गेटाशी बसते. क्लासच्या पोरी हाईत, गावाकडच्या, मेसच्या भाजीला कावलेल्या. कारळ्याची चटणी दिसली की डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. काल एकच माप राहिलं व्हतं. शेजारच्या वकिलीणबाई म्हणल्या, "दुप्पट देते, द्या." दिलं न्हाई. आईची रीत तुला ठाऊक हाय, टोपली रिकामी घरी न्यायची न्हाई, शेवटचं माप इकायचं न्हाई. बाईला राग आला. म्हणल्या, "इकायला बसता आन् इकत न्हाई, हे काय?" मी म्हणलं, "असंच हाय."

मंजुश्रीला तिळगूळ. तुला नुसते तीळ. गोड बोलायचं वय गेलं तुझं.

अक्का


नांदेड
२० जानेवारी

ती. अक्कास,
शरणु शरणार्थ.

तीळ मिळाले. मोजले नाहीत, पण पुडी हलकी वाटली.

तुझा यासेर नामंजूर. कारणं लिहितो. 'पेडल' या क्रियेला चार अंगं आहेत. एक, फिरणं. दोन, पुकारा करणं. तीन, घ्या-घ्या म्हणून मागं लागणं. चार, विकणं. उलट शब्दात चारही अंगं उलटली पाहिजेत. यासेर फिरतो, पुकारतो, मागंही लागतो. चौथं तेवढं उलटतं. म्हणजे शंभरातले पंचवीस मार्क. एवढ्यात मला दहावीला नापास केलं होतं, मी त्याला पास कसा करू?

भांडीवाली बाई हा शब्द नसून संकट आहे. ती मी कोशात घेतलेली नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. "गेटाशी बसते" असं तू लिहिलंस. बसून विकणं म्हणजे 'पेडल' नव्हे. तू स्वतःच व्याख्येत बसत नाहीस, तेव्हा यापुढं जपून लिही. बावीस वर्षं फिरणाऱ्या बाईनं एकदम बसायचं काही कारण मला दिसत नाही. थंडीचा आळस असेल.

आता मला पाहिजे तो माणूस सांगतो, म्हणजे तुला शोधायला सोपं जाईल. जो एका जागी बसतो. जो तोंडातून आवाज काढत नाही. जो कुणाला घ्या म्हणत नाही. आणि जो विकत नाही. असा माणूस सापडला की तो काय करतो त्या क्रियेला नाव देऊ आणि पान दोनशे सात भरून टाकू.

समास तू याही वेळी सोडला नाहीस. 'तुझ्या वाट्याची आंबील' यातलं 'तुझ्या' शिलाईत गेलं. आता वहीत नुसतं 'वाट्याची आंबील' राहिलंय.

तुझा,
उमाशंकर


लातूर
२९ जानेवारी

चि. तम्मा,

माणूस सापडला. नांदेडात राहतो. एका जागी बसतो, खळ ढवळतो. तोंडातून आवाज काढत न्हाई, सोयरे आले तरी पुस्तकातून मान वर करत न्हाई. एकोणीस वर्षं खपून पुस्तक केलं आन् ट्रंकेत घातलं. एक प्रत नांदेडच्या ट्रंकेत, एक लातूरच्या. कुणाला "बघा" म्हणला न्हाई, कुणाला "घ्या" म्हणला न्हाई. शंभर पैकी शंभर मार्क. त्याचं नाव लिही पान दोनशे सातवर. मंजुश्रीची सही घे खाली.

राग येऊ देऊ नको, तम्मा; धाकटा भाऊ हाईस म्हणून बोलते. आला तर येऊ दे, पत्र शिवताना दोरा जरा घट्ट वढशील, तेवढंच.

खरं सांगू का. आपल्या आईला लिहिता येत नव्हतं. पण चटणी केली की ती दुसऱ्याच्या ताटात पडलेली बघितल्याशिवाय तिला ती चटणी वाटतच नव्हती. तू कशाला भितोस? लोक नावं ठेवतील? ठेवू दे की. माझ्या लसणाच्या चटणीला तिखट म्हणून नावं ठेवतात आन् दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन येतात.

समास समास करून राहिलास. दीड इंच कोरा सोडायला आपल्या बापाचा कागदाचा कारखाना नव्हता. म्या सगळा कागद भरलाय, हाव.

अक्का


नांदेड
१७ फेब्रुवारी

ती. अक्कास,

शरणु शरणार्थ लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही, तरी लिहिलं.

काल सकाळी दारासमोर पांढरी गाडी थांबली. त्यातून एक गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही एकाच कंपनीची. रविकिरण सर. लातुरात त्यांचे क्लास आहेत, हे त्यांनी सांगण्याआधी त्यांच्या गाडीनंच सांगितलं. मागच्या काचेवर पंधरा मुलांचे फोटो होते, मार्कांसकट.

"उमाशंकर सर तुम्हीच?"

आजपर्यंत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं.

आत बसले. म्हणाले, "ताईंनी सगळं सांगितलंय. तुमचं उत्तर नाही आलं, म्हणजे हरकत नाही असं आम्ही धरलं."

"कशाचं उत्तर?"

ते हसले. व्यवहारी माणूस भाव वाढवताना असंच विचारतो, असं त्यांना वाटलं असावं. मोबाईल काढून त्यांनी मला माझाच कोश दाखवला. खंड पहिला, पान एक्केचाळीस. अक्का, त्या पानावर तेलाचा डाग आहे. करडईचा नाही, शेंगतेलाचा. कडा पिवळी आहे.

"आमच्या मुली रोज गेटवर तुमचे दहा-दहा शब्द उतरवून घेतात. क्लासच्या नोट्स बाजूला ठेवून. म्हटलं, हा माणूस बघायलाच पाहिजे." मग चहा यायच्या आत ते बोलून मोकळे झाले. "चारही खंड, सगळ्या हक्कांसकट. एक लाख पंचाहत्तर हजार."

पडद्याआड मंजुश्रीच्या हातातली किटली थांबली. मी ऐकलं.

"वर नाव?" मी विचारलं.

"नाव आमचं जाईल. मुलांना ओळखीचं लागतं ना. पण तुम्हाला विसरणार नाही आम्ही. आतल्या पानावर टाकू, 'बांधणी: उमाशंकर'."

बांधणी.

त्यांनी मोबाईलवर तिसरा खंड उघडला. फुटका दात जसा जिभेला सापडतो तसा त्यांना नेमका तो रिकामा रकाना सापडला. "हे राहिलंय वाटतं. 'टू बाय' टाकून द्या. परीक्षेत तेच धरतात."

मी म्हणालो, "सर, चहा घ्या." चहा झाला. मग म्हणालो, "नाही." ते म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, एकोणीस वर्षं केला.

मंजुश्री काल दुपारपासून माझ्याशी बोलत नाही आणि भाजीत मीठ बरोबर घालते, म्हणजे राग साधा नाही.

तुला एवढंच विचारतो. ट्रंकेत ठेवायला दिलेली वस्तू तू चटणीच्या डब्यांशेजारी टोपलीत मांडलीस? मला न विचारता?

उमाशंकर


लातूर
२४ फेब्रुवारी

उमाशंकर,

विचारलं व्हतं. २९ जानेवारीचं पत्र, डावी बाजू.

न्हाई म्हणलास ते चांगलंच केलंस. बांधणी म्हणे. मी असते तर चहाबी दिला नसता.

तेल शेंगाचंच हाय. तुझी नजर चांगली हाय. वाचायला वापर तिला.

अक्का


नांदेड
३ मार्च

ती. अक्कास,
शरणु शरणार्थ.

शिवलेलं उसवण्याची माझी ही पहिलीच वेळ. लोकांची पुस्तकं मी उसवली आहेत. ती दुसऱ्यांनी शिवलेली होती. स्वतःची शिलाई कापायला कात्री धजेना. शेवटी दाभणाच्या टोकानं एकेक टाका उचलला. टाके चांगले होते, हे नमूद करतो. एकही सैल नव्हता.

२९ जानेवारी, डावी बाजू, आडव्या ओळी: "तुझं पुस्तक हॉस्टेलाच्या पोरींना वाचायला देते. उतरवून घेतात, हसतात, परत देतात. एक सर इकत घेतो म्हणतात. पत्ता देऊ का? नको असंल तर आठ दिवसात लिही. तुझं हाय, तुझ्या मनाचं कर."

मी पत्र धरून मंजुश्रीपुढं उभा राहिलो. "हे तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं."

"मग मला का नाही वाचून दाखवलंस?"

"तुमचाच नियम. समासातलं सोडायचं. मी सोडलं." आणि मग ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "समासातलंच तर वाचण्यासारखं असतं."

मग मी मागच्या वर्षाची वही काढली. त्याच्या मागच्या वर्षाची. तीही उसवली.

दिवाळी, २०२३: "उजवा गुडघा सुजलाय. लसणाची टोपली हल्ली जड लागते."

एप्रिल, २०२४: "चार गल्ल्या सोडल्या. चढाच्या हाईत. त्या बाया वाट बघत असतील."

सप्टेंबर, २०२४: "फिरणं बंद झालं. एका जागी बसते. कुणाला सांगू नको, धंद्याला बरं नसतं. येळवशीला येशील का? टोपलीचं काय करावं कळंना."

मी परत मंजुश्रीकडं गेलो. ती म्हणाली, "गुडघ्याचं मी दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, पत्रात तर तसं काही नाही."

म्हणालो होतो. आठवतं.

आणि मी तुला लिहिलं, थंडीचा आळस असेल. व्याख्येत बसत नाहीस, असंही लिहिलं. ते पत्र तुझ्याकडं असेल. ते शिवू नकोस. चुलीत घाल. माझ्या हस्ताक्षरातली एवढी एकच गोष्ट जळाली तरी चालेल.

परवा सकाळच्या गाडीनं येतो आहे. येळवस होऊन दोन महिने झाले, हे माहीत आहे. आंबील नसली तरी चालेल.

तुझा,
उमाशंकर


लातूर
२८ मार्च

चि. तम्मा,

डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधते. पट्ट्याची शिलाई उलटी हाय म्हणून तू दुकानात जाऊन भांडलास, ते आता सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. दुकानदार इचारत व्हता, "तुमचे भाऊ कुठं प्रोफेसर हाईत?" मी हाव म्हणलं.

चार दिवस राहिलास, बरं वाटलं. तू गेटावर बसलास तो दिवस पोरी अजून इसरल्या न्हाईत. चाळीस प्रतींची झेरॉक्स त्यांनीच हिंडून स्वस्तात करून आणली, निवडक हजार शब्द त्यांनीच निवडले, तू रातोरात न्हाई पण तीन दिवसात शिवून दिल्या, वर स्वतःचं नाव लिहिलंस, ठळक. इथवर झ्याक झालं. पण इकायला बसलास तेव्हा काय केलंस? एक बाई आली, म्हणली, "केवढ्याला?" शंभर म्हणायचं सोडून तू तिला टाका कसा घालतात ते सांगत बसलास. दुसरी इंग्रजी शब्द चुकीचा बोलली तर तिला सुधरवलंस. तिसरी बघून परत चालली तर तू म्हणलास, "बरोबर आहे, विचार करूनच घ्या." दिवसभरात एक प्रत गेली, ती बी यासेर घेऊन गेला. रद्दीच्या भावात मागत व्हता, मी शंभर घेतले.

आता फिरायची टोपली म्या तुझ्याकडं दिलीय. मांडीवर घेऊन बसमधी बसलेला तू, व्यंकटीनं फोटो पाठवला. आईनंबी तशीच धरली असती. म्हणून धंद्याचं सांगते, हे तुझ्या कुठल्या खंडात न्हाई. आधी पुकारा कर, मग बघ कुणाकडं. भाव एकदाच सांग. गिऱ्हाईक हसलं तर तूबी हस, कारण इचारू नको. कुणाला सुधरवू नको. आन् लाज वाटली तर टोपलीकडं बघ, लोकांकडं नको.

आन् आईच्या रीतीतलं ते शेवटचं. तेवढं इसरू नको.

ह्या पत्राची डावी बाजू कोरी सोडलीय. दीड इंच, मोजून. बघून घे, काही लिहिलेलं न्हाई.

अक्का


लोहा
१९ एप्रिल

ती. अक्कास,
शरणु शरणार्थ.

कोरा समास बघून बरं वाटलं नाही. मंजुश्रीनं दोनदा उजेडाकडं धरून पाहिला. यापुढं समास सोडू नकोस, पूर्ण कागद भर. मी डावीकडं कागदाची पट्टी चिकटवून शिवीन. ही युक्ती मला एकोणीस वर्षं आधी सुचायला हवी होती. हे पत्रही मी अगदी कडेपासून लिहितो आहे.

पहिल्यांदा भोकरला गेलो. आवाजच निघाला नाही. अर्धा तास टोपलीकडं बघितलं, तू म्हणालीस तसं. टोपली चांगली आहे, पण बांबूची दोन कांबटं बदलावी लागतील. दोन प्रती गेल्या, त्याही लोकांनी मला मुका समजून घेतल्या असाव्यात. मुदखेडला आवाज निघाला. "उलट शब्द घ्या, उलट शब्द! शंभरला हजार!" शेजारी गंगम्मा नावाच्या बाई कांदे घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "उलटे कशाला मामा, सरळच द्या की." बाजार हसला. मीही हसलो, कारण विचारलं नाही. त्यांच्या नातीसाठी त्यांनी एक घेतलं. पैशाऐवजी कांदे देत होत्या, मी घेतले. दोन किलो दोनशे ग्रॅम, मोजून. भांडीवालीसारखं झालं हे, मला माहीत आहे. ती बाई मी कोशात घेणार आहे.

आज लोह्याचा बाजार. टोपलीत बारा होत्या. दुपारपर्यंत अकरा गेल्या. चौथ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हे लिहिलं कुणी?" मी वरचं नाव दाखवलं आणि मग छातीवर बोट ठेवलं. असं करताना एवढं मोठं वाटेल याची मला कल्पना नव्हती. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "शिलाई चांगली आहे." मी टाका समजावत बसलो नाही. तुझी शपथ.

मग एकच प्रत उरली. मी टोपली खाली ठेवली. कडुनिंबाखाली बसलो. पुकारा बंद केला. कुणाला घ्या म्हटलं नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, अक्का, की फिरणं थांबलं, ओरडणं थांबलं, मागं लागणं थांबलं आणि विकणंही. चारही अंगं उलटली होती. पंधरा हात अंतरावरून शब्द चालत आला आणि माझ्या शेजारी बसला. खंड तिसरा, पान दोनशे सात, उजवा रकाना: 'शेवटचं माप राखणं'. तू हे मला १४ जानेवारीलाच लिहिलं होतंस, समासात नव्हे, मधोमध. ते मी वाचलं होतं आणि शिवलंही होतं.

टोपली उचलून निघणार, तोच नांदेड रस्त्याला पांढरी गाडी थांबली. मागच्या काचेवर आता सोळा फोटो आहेत. रविकिरण सर. लातूरहून नांदेडला चालले होते, टोपली ओळखली म्हणाले.

"हे काय, सर? बाजारात?"

"हो. बसलोय."

त्यांनी शेवटची प्रत उचलली, चाळली, वरचं नाव वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग खिशाकडं हात नेला. "मुली सगळ्या हेच वाचतात, माझ्याकडंच नाही. केवढ्याला?"

"शंभर. पण ही विकायची नाही."

"का?"

"शेवटची आहे. उद्या मुदखेडला टोपली भरून असेन, तिथं या. शंभरालाच मिळेल."

ते गाडीकडं गेले, परत आले. नोट काढून टोपलीत प्रतीवर ठेवली. मी ती उचलून त्यांच्या खिशात घातली, दोन पेनांच्या मधे. टोपली रिकामी घरी न्यायची नसते, एवढंच म्हणालो.

एका प्रतीला पाचशे रुपये देत होते, अक्का. पाचशे. नाही म्हणालो.

तुझा,
उमाशंकर